सातवी तार

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर चौघे: ओव्हरसियर कापगते साहेब, डाव्या कालव्याचा शेवटचा चौकीदार सोमा, उजव्या कालव्याचा शेवटचा चौकीदार फत्तू, आणि मजुरी वाटायला मी. त्या रकमेत आसगावकडच्या नाल्यावरून टेलिफोनची तार टाकली गेली. सहा तारा आधीपासून होत्या. ही सातवी.

नारळ साहेबांनी फोडला. सोमाने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "आता बरं झालं जी. तार कुठी बी तुटू द्या, मी काई एकटा पडत नाई."

कापगते साहेबांबद्दल लिहायचं तर ही तार आधी समजली पाहिजे. आमच्या तलावातून दोन कालवे निघायचे, डावा आणि उजवा. तोंडाशी मुखचौकी, तिथे ऑफिस, तिथे मी हिशेबनीस. पुढे दोन्ही कालव्यांवर तीन-तीन चौक्या. कालवे वळसा घेत पुन्हा एकमेकांच्या जवळ यायचे, त्यामुळे दोन्ही शेवटच्या चौक्या एकाच नाल्याच्या दोन काठांवर होत्या. मधे बेशरमाच्या झुडपांचं उंच रान, पलीकडचं काही दिसत नसे. प्रत्येक चौकीत भिंतीवर दोन लाकडी पेट्या, हँडल फिरवून घंटी वाजवायचे फोन. एक पेटी वरच्या चौकीची, दुसरी खालच्या चौकीची. आवाज एका चौकीपासून पुढच्या चौकीपर्यंतच जायचा. त्यापुढे माणसाने न्यायचा.

तो कसा न्यायचा, हा नियम साहेबांचा होता. एका पेटीत जे ऐकू येईल ते दुसऱ्या पेटीत सांगायचं, आणि एक शब्दही बदलायचा नाही. "साहेब म्हणतात" असं म्हणायचं नाही. साहेब बोलले असतील तर चौकीदाराने "मी कापगते बोलतो" असंच म्हणायचं. या नियमाआधी एकदा "दार अर्धं उघडा" हा निरोप चार तोंडांतून जाऊन "दार उघडा, अर्धा दिवस" असा पोचला होता, त्याला हा उपाय. नव्या माणसाला सुरुवातीला हसू यायचं. फत्तू तर साहेबांचा निरोप देताना साहेबांसारखा घसाही खाकरायचा. पण सवय झाली, आणि मग ज्याचा निरोप तोच माणूस तारेतून चालत पुढे जातो आहे असं आम्हा सर्वांना वाटू लागलं.

साहेब मूळचे पवनीकडचे. उंच, काटकुळे, डोक्यावर उन्हाळी टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली, सायकलच्या मागे मुरमुऱ्यांची पिशवी. आवाज मात्र भरदार. फोन उचलला की "हॅलो" म्हणायचे नाहीत, समोरच्याचं ऐकून घेऊन शेवटी एकच शब्द, "ऐकलं." घरीही तसंच असावं. त्यांच्या पत्नी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "लग्नाच्या वर्षी भाजी चांगली झाली असं म्हणाले होते. ते अजून चालू आहे असं मी धरून चालते."

हा स्वभाव मी विनोदी समजत असे. पुढे तसं वाटेना.

त्याच वर्षीच्या भादव्यात पावसाची झड लागली. सरी नव्हत्या, एकसारखा, आवाज न करणारा पाऊस. सकाळ झाली की संध्याकाळ हेच कळत नव्हतं. कालवे भरले तेव्हा साहेबांनी मुखचौकीवरून निरोप सोडला: "मी कापगते बोलतो. शेवटची दारं एक वीत उघडा." शेवटच्या दोन्ही चौक्यांजवळ लोखंडी दारं होती, जास्तीचं पाणी नाल्यात सोडायची. पावसाळ्यात हा निरोप नेहमीचाच. पाणी चढत असलं की एक वीत, थोड्या वेळाने आणखी एक वीत, असे निरोप दोन-तीनदा तरी जायचे. फोनवर मी बसलो होतो. डाव्या पेटीत सांगितलं, उजव्या पेटीत सांगितलं.

थोड्या वेळाने उजवी पेटी वाजली. उजव्या पहिल्या चौकीचा माणूस म्हणाला, "मी कापगते बोलतो. शेवटची दारं एक वीत उघडा."

साहेब त्या वेळी बाहेर पाण्याची पट्टी पाहत होते. मला वाटलं, खालून तसं विचारत असतील. पण नियम नियम. उजवीकडून आलं ते मी डावीकडे दिलं. मग डावी पेटी वाजली आणि तेच आलं. ते मी उजवीकडे दिलं. तिकडे काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. सोमाला एक निरोप वरून आला, त्याने दार एक वीत उचललं. तोच निरोप फत्तूकडून सातव्या तारेने आला, त्याने आणखी एक वीत उचललं. फत्तूचंही तसंच. मग निरोप दोघांकडून उलटे वर चढत माझ्यापर्यंत आले आणि माझ्याकडून पुन्हा खाली गेले. कुणीच काही चुकवलं नाही. प्रत्येकाने ऐकलं तेच आणि तसंच सांगितलं. जुना निरोप आणि नवा निरोप यांत फरक दिसायला काही जागाच नव्हती. घड्याळ फक्त माझ्या टेबलावर होतं.

मग डावी पेटी वाजली. "मी सोमा बोलून राहिलो. नाल्याले पाणी चढलं. दारं बंद करा."

हे मी उजवीकडे दिलं आणि साहेबांना हाक मारली. ते आत येईतो उजवी पेटी वाजली. "मी सोमा बोलून राहिलो. नाल्याले पाणी चढलं. दारं बंद करा."

"सोमा उजवीकडे कशाला गेला?" साहेब म्हणाले.

"फत्तूकडे गेला असेल. सातव्या तारेवरून."

साहेबांनी दारं बंद करायचा निरोप सोडला. तोही निघाला. आता तारेत तीन निरोप होते, आणि प्रत्येक दोन्ही बाजूंनी फिरत होता. पेट्या थांबेनात. एक ठेवली की दुसरी, दुसरी ठेवली की पहिली. उघडा, बंद करा, मी कापगते, मी सोमा. बोलणारे आवाज पहिल्या चौक्यांच्या दोघांचेच होते, पण मी ते केव्हाच विसरलो होतो. मला सोमा ऐकू येत होता. डावीकडून सोमा, उजवीकडून सोमा. तो दमत नव्हता, घाबरत नव्हता, एक शब्द कमी-जास्त करत नव्हता.

दुपार गेली. साहेब खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होते. मग एकदम उठले, माझ्या हातातून डावा फोन घेतला आणि म्हणाले, "मी कापगते बोलतो. सोमा कुठी आहे?"

उत्तरासाठी आम्ही थांबलो. मधे सोमाच दोनदा बोलून गेला. मग उजवी पेटी वाजली. ती साहेबांनी उचलली. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. पलीकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "मी कापगते बोलतो. सोमा कुठी आहे?"

साहेबांचाच प्रश्न दुसऱ्या कानाशी येऊन त्यांनाच विचारत होता. फोन तसाच हातात धरून त्यांनी डावाही उचलला, एक या कानाला, एक त्या. दोन्हीकडून सोमा आला. जवळजवळ एकाच वेळी.

"एक माणूस दोन्हीकडून बोलून राहिला," साहेब पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "ऐकलं." आणि दोन्ही फोन ठेवले. मला म्हणाले, "आता इथून पुढे काही द्यायचं नाही. जे येईल ते इथेच मरू दे."

पेट्या आणखी काही वेळ वाजल्या. मी ऐकायचो आणि ठेवायचो. मग एकेक करत सगळं बंद झालं. ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती. साहेबांनी डावं हँडल फिरवून पहिल्या चौकीला सांगितलं की शेवटच्या चौकीवर जे कोणी असेल त्याने स्वतःचं नाव सांगून उत्तर द्यावं. उत्तर आलं, आणि नियमाप्रमाणे डाव्या पहिल्या चौकीचा मिशाळ माणूस म्हणाला:

"मी गिरजा बोलून राहिली. सोमाची बायको. ते सकाळी तुमाले निरोप देऊन नाल्यातलं जाळं काढाले गेले. आता त तुमच्याजवळूनच बोलून राहिले ना जी? मी दिवसभर त्यायचं आयकून राहिली."

नवरा नाल्यावर गेल्यावर गिरजा फोनवर बसली होती. चौक्यांवर बायकामुलं अशी बसतच. फत्तूकडून नवऱ्याचा निरोप आला तेव्हा तिला वाटलं, तो नाला ओलांडून फत्तूकडे पोचला. वरून आला तेव्हा वाटलं, मुखचौकीला गेला. फत्तूला वाटलं, तो आपल्या चौकीतच आहे. आम्हाला काय वाटलं ते सांगितलंच. दिवसभर तो बोलत होता, म्हणून दिवसभर त्याला कोणी शोधलं नाही.

दिवस मावळायच्या आत तो सापडला. नाल्यातल्या एका बाभळीच्या फांदीला दोन्ही हातांनी मिठी मारून होता. जाळं पायात. पाणी तोवर खूप खाली गेलेलं, पाय कोरडे. तो पाण्यातच गेला, की पाणी उतरल्यावर, गारठ्याने, वाट पाहत, हे कोणाला सांगता आलं नाही. साहेबांनी ते कोणाला विचारलंही नाही.

चौकशी झाली. पाण्याने मृत्यू, असं ठरलं. गिरजाला सोमाची जागा मिळाली. सातवी तार काढून टाका, असं वरून तोंडी आलं. साहेब मात्र ऐकेनात. म्हणाले, "आदल्या वर्षी तार तुटली तेव्हा डावी शेवटची चौकी दोन दिवस मुकी होती, कालव्याचा काठ फुटला. तार राहील. फक्त बोलणार नाही."

त्यांनी गिरजाच्या भिंतीवर एक खटका बसवला. खटका पाडलेला असला की सातवी तार मेलेली. मग सातही चौक्यांची माणसं मुखचौकीवर बोलावली आणि अंगणात काडीने रेघा ओढल्या.

"मुखचौकी म्हणजे बुंधा. या दोन फांद्या. फांदी कितीही लांब जाऊ द्या, फिरून बुंध्याले चिकटत नाही. चिकटली तर ते झाड राहत नाही, गाडीचं चाक होते. तारा सात असू द्या. बोलत्या तारा सहाच."

"अन् एखादी तुटली तर जी?" फत्तूने विचारलं.

"त्यासाठी मोजणी."

ती मोजणी पुढे अनेक वर्षं चालली आणि माझ्या डोक्यात अजून चालू आहे. रोज सकाळी मी दोन्ही पेट्यांत म्हणायचं, "शून्य." पहिल्या चौकीने ते ऐकून पुढे म्हणायचं, "एक." दुसरीने "दोन." शेवटचीने आपल्याशीच, "तीन." सगळ्या नियमांत फक्त याच निरोपाचा शब्द बदलायची परवानगी होती, किंबहुना बदलणं सक्तीचं होतं. बुंध्यापासून आपण किती लांब, ते प्रत्येकाला रोज कळायचं. ज्या दिवशी आकडा आलाच नाही, त्या दिवशी वर कुठेतरी तार तुटली. तेव्हा गिरजाने खटका लावून सातवी तार जिवंत करायची, पण लगेच नाही. आधी एक भात शिजेल इतका वेळ वरची पेटी नुसती ऐकायची, बोलायचं काही नाही. तरीही वरून काही नाही आलं, तर खटका. मग फत्तूकडून "तीन" येईल आणि ती होईल "चार." आणि पुढे कधीही वरच्या पेटीतून लहान आकडा पुन्हा ऐकू आला, की त्याच क्षणी खटका पाडायचा. मुखचौकीच मुकी झाली तर डाव्या पहिलीने "शून्य" म्हणायला सुरुवात करायची, तीही नसेल तर उजव्या पहिलीने. बुंध्याशिवाय झाड एक दिवसही ठेवायचं नाही.

फत्तू म्हणाला, "साहेब, मीच कायम तीन काहून? एखाद्या दिवशी मले शून्य होऊ द्या ना."

"तू आहेसच," साहेब म्हणाले. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. गिरजा हसली की नाही ते मी पाहिलं नाही. ती रेघांकडे पाहत होती, जिथे सातवी रेघ साहेबांनी पायाने पुसली होती तिथे.

त्यानंतर साहेबांच्या काही गोष्टी माझ्या लक्षात येऊ लागल्या. एकच गोष्ट दोनदा ऐकणं त्यांना सोसत नसे. शिपायाने "चहा आणू का?" असं पुन्हा विचारलं तर दचकायचे. गणपतीच्या आरतीला उभे राहायचे, पण सगळे ध्रुवपद म्हणू लागले की ओठ मिटून घ्यायचे. डाव्या कालव्याच्या वाटेवर एक मोरी आहे, वरून कालवा जातो आणि खालून सायकलवाट. दगडी कमान, आवाज घुमतो. साहेब बोलत बोलत तिथे पोचले की शब्द अर्धा तोडून गप्प व्हायचे, आणि पलीकडे उजेडात आल्यावर उरलेला अर्धा शब्द बोलायचे. एकदा ते "भंडाऱ्याला परवा जाय—" इथे थांबले आणि बाहेर आल्यावर "—चं आहे" म्हणाले. मला हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते कमानीकडे मान वळवून, कोणी मागे येत नाही ना, असं पाहत होते.

आणखी एक. ऑफिसात एकटे असले की त्यांचे ओठ हलायचे. फार नाही, एक वाक्यभर. मग थांबायचे, जणू तोंडात काही धरून ठेवलं आहे.

तीन-चार पावसाळे सरळ गेले. मग एका सकाळी जोराचं वारं सुटलं आणि डाव्या पहिल्या-दुसऱ्या चौकीमधला खांब पडला. मी "शून्य" म्हटलं, पहिलीने "एक" म्हटलं, पुढे तार मुकी. आम्ही वाट पाहत बसलो. साहेब खिडकीत उभे होते. थोड्या वेळाने उजव्या पहिल्या चौकीचा माणूस उजव्या पेटीत म्हणाला, "मी गिरजा बोलून राहिली. मी चार. डावी दुसरी पाच. कोणी सुटलं नाई."

साहेबांनी "ऐकलं" म्हटलं आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना टोपी काढताना क्वचितच पाहिलं होतं.

घोटाळा पुढे झाला. खांब उभा करायला गेलेल्या तारवाल्याने तार जोडली आणि चौकीवर न सांगता जेवायला निघून गेला. म्हणजे सहाही तारा जिवंत, आणि सातवीचा खटका लावलेला. पुन्हा चाक. तेव्हा पाऊस होता आणि साहेबांचा "एक वीत उघडा" नुकताच निघाला होता. उजवी पेटी वाजली आणि तो माझ्याकडे परत आला. मी साहेबांकडे पाहिलं. ते उठलेही नाहीत. दोन्ही हात टेबलावर पसरून बसले होते. "मोज," मला म्हणाले. मी दोन्हीकडे "शून्य" म्हटलं. हा आकडा डावीकडून गिरजापर्यंत "दोन" होऊन पोचला असणार. चार म्हणणाऱ्या बाईने वरच्या पेटीत दोन ऐकलं की खटका पाडायचा, बस्स.

पण खटका लगेच पडला नाही. निरोप आणखी एकदा फिरून आला. मी तो इथेच थांबवला. त्यानंतर उजवी पेटी गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन गिरजाच्या चौकीवर गेले. तिचं दार बरोबर एक वीत उघडलेलं होतं; दुसऱ्यांदा आलेला निरोप तिने ओळखला होता. साहेब बाहेरच्या दगडावर बसले.

"गिरजा, दोन आलं तेव्हा खटका काहून नाही पाडला?"

ती चुलीपाशी होती. तिने एक लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "हात लावला होता जी खटक्याले."

"मग?"

"मनलं, चाक पुन्हा लागलं आहे. पाहू त खरं, त्यायचा निरोप येते का. कुठी फिरत असन त एकडाव येईन."

मला वाटलं, आता साहेब चिडतील. त्या एका फेरीत फत्तूचं दार आणखी वीतभर उचललं गेलं असतं तर नाला पुन्हा भरला असता. साहेब पायाने माती उकरत राहिले.

"आला?"

"नाई."

"येणार नाही," साहेब म्हणाले. "तो त्या दिवशी माझ्यापर्यंत आला अन् मी पुढे दिला नाही. तो माझ्याजवळ आहे."

गिरजाने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मी उठून सायकलीशी गेलो. त्यानंतर तिने खटक्याला एकदाही उशीर केला नाही. आणि साहेबांचे ओठ का हलतात हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही कानांनी घेतलेला निरोप ते वागवत होते. आमच्या कालव्यावर ऐकलेलं पुढे द्यायचंच असतं. न दिलेला तो एकच.

साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "जे सांगायचं ते वेळोवेळी सांगितलं आहे," आणि बसले. पुढे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला चौक्यांवर बिनतारी संच आले. एक बोलला की सगळ्यांना एकदम ऐकू यायचं, पुढे द्यायचं काही उरलं नाही. तारा काढायचा हुकूम झाला. मजुरी वाटायला मी होतोच.

सातवी तार काढायच्या दिवशी साहेब आले. कोणी बोलावलं नव्हतं. टोपी तीच, दोरी नवी. सायकल चालवणं झेपत नव्हतं, हातात धरून चालत आले होते. गिरजाबाई आता केस पांढरे झालेल्या. त्यांनी साहेबांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. नाल्याच्या पलीकडे फत्तू खांबावर चढलेला दिसत होता. बेशरमाचं रान त्या उन्हाळ्यात तोडलं होतं.

गिरजाबाई म्हणाल्या, "साहेब, तार आता जाऊन राहिली."

"हो."

"तुमच्याजवळचं मले देऊन टाका मंग."

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी त्या दिवशी किती डाव तो पुढं देला," त्या म्हणाल्या. "इकडून आयकला, तिकडं देला. तिकडून आयकला, इकडं देला. एकडाव बी आपल्याजवळ ठेवला नाई. तवा काय माहीत होतं जी, का थो शेवटचा हाय. द्या."

साहेब उठले. भिंतीकडे, पेट्यांकडे तोंड करून उभे राहिले. फोन उचलला नाही. हात बाजूला सोडलेले. भरदार आवाज गेलेला होता, त्या जागी एक पातळ, सरळ आवाज आला. मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तो मला त्यांचा वाटला नाही.

"मी सोमा बोलून राहिलो. नाल्याले पाणी चढलं. दारं बंद करा."

बाहेर फत्तूच्या पक्कडीचा आवाज झाला आणि तार सैल पडून नाल्यात लोंबली.

गिरजाबाईंनी पदर डोक्यावरून नीट केला. "आयकलं," त्या म्हणाल्या. आणि कोणाला काही न सांगता चुलीकडे वळल्या.

परत येताना साहेब माझ्या पुढे चालत होते. मोरी आली. मी सवयीने बोलणं थांबवलं. साहेब कमानीखाली मधोमध उभे राहिले, सायकल भिंतीला लावली आणि मोठ्याने म्हणाले, "चला हो बाबू, ऊन चढलं." कमान म्हणाली, ऊन चढलं. साहेबांनी मान थोडी तिरकी करून ते शेवटपर्यंत ऐकलं, मग सायकल घेतली आणि पलीकडच्या उजेडात गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

सातवी तार गुंडाळून देण्याची मजुरी अठरा रुपये. फत्तूने घेतली नाही. गिरजाबाईंना दिली.